ऑलिंपियाची यात्रा आणि सहधर्मचारिणी

आमच्या परिचयाचे एक दांपत्य २०२४ साली, आषाढ सरता सरता, पॅरिस येथे ऑलिंपिक सामने पाहावयास गेले व श्रावणात परतले. पती निवृत्त शिक्षक. पत्नीचा जन्म संसार आणि देवळातील भजनीमंडळ यांत गेलेला. दोघांनी कित्येक वर्षे पै-पैसा जमवून हा प्रवास केला होता. परत आल्यावर ती उभयता देवदर्शनास आली आणि अग्रशाळेच्या ओसरीवर नेहमीची मंडळी जमली. प्रवासाच्या गोष्टी रंगात आल्या असता एका वयोवृद्ध गृहस्थांनी मध्येच विचारले, "घोव खेळ पळोवंक गेलो तें समजलें, पूण बायलेक कित्याक व्हेली?"

प्रश्नात कुचेष्टा नव्हती. गृहस्थ सरळ मनाचे, आणि त्या माउलीला त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. ती नुसती हसली आणि प्रसादाचा द्रोण त्यांच्यापुढे सरकवून गप्प बसली. पण आम्हांला मात्र तो प्रश्न घरी जाईपर्यंत सोडीना. कारण ज्या क्रीडोत्सवाविषयी तो विचारला गेला, त्या उत्सवाच्या मूळ स्थानी हाच प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी उभा होता, आणि तेथे त्याचे उत्तर कायद्याने देऊन ठेवलेले होते. त्याचीच हकिकत वाचकांस सांगावी असे मनात आले.

ऑलिंपिक म्हणताच आज मैदाने, घड्याळे आणि पदके डोळ्यांपुढे येतात. मूळची गोष्ट निराळी आहे. ऑलिंपिया हे नगर नव्हते, ते देवस्थान होते. ग्रीस देशाच्या पेलोपोनीझ या द्वीपकल्पाच्या पश्चिम भागात, अल्फिअस आणि क्लाडिअस या दोन नद्यांच्या संगमाशी, ऑलिव्हच्या झाडांची एक देवराई होती. तीत देवाधिपती झ्यूसचे क्षेत्र. इ. स. पू. ४५६ च्या सुमारास तेथील मोठे देवालय पुरे झाले आणि पुढे फिडिअस या शिल्पकाराने हस्तिदंत व सुवर्ण यांनी मढविलेली, सुमारे चाळीस फूट उंचीची, सिंहासनस्थ झ्यूसमूर्ती त्यात घडविली. प्राचीन जगातील सात आश्चर्यांत तिची गणना होत असे. मुख्य वेदी मात्र दगडाची नव्हती. शतकानुशतके दिलेल्या बलींच्या राखेची ती टेकडीच झाली होती. इ. स. च्या दुसऱ्या शतकात पॉसॅनिअस नावाच्या प्रवाशाने ती पाहिली तेव्हा तिची उंची बावीस फूट होती. दरवर्षी ठरल्या तिथीला देवस्थानचे दैवज्ञ नवी राख आणून अल्फिअसच्या पाण्यात कालवीत आणि तिने वेदी लिंपीत. दुसऱ्या कोणत्याही नदीचे पाणी त्यास चालत नसे. हे वाचताना आमच्याकडील कोणाही महाजनाला परक्या मुलखात आल्यासारखे वाटणार नाही.

दर चार वर्षांनी, उन्हाळ्याच्या भरात, पौर्णिमा साधून येथे मोठी यात्रा भरे. यादीतील पहिला विजेता इ. स. पू. ७७६ चा. आरंभी एकच धावण्याची शर्यत होती. पुढे कुस्ती, मुष्टियुद्ध, रथांच्या शर्यती अशी भर पडत उत्सव पाच दिवसांचा झाला. पौर्णिमेच्या दिवशी झ्यूसपुढे शंभर बैलांचा बळी पडे. म्हणजे खेळ हे पूजेच्या अंगाने वाढलेले होते. पूजा खेळांच्या शोभेसाठी ठेवलेली नव्हती.

या यात्रेला जाणे म्हणजे खरोखरच परदेशगमन होते. ग्रीक लोकांचे एक राज्य नव्हते. अथेन्स, स्पार्टा, कॉरिंथ ही एकेक स्वतंत्र राज्ये, आणि बहुधा एकमेकांच्या उरावर बसलेली. म्हणून उत्सवापूर्वी ईलिस राज्याचे दूत गावोगाव फिरून पवित्र संधीची घोषणा करीत. त्या संधीने युद्धे थांबत असत असे पुष्कळदा लिहिले जाते. ते तितकेसे खरे नाही. यात्रेकरूला जाता-येता कोणी अडवू नये, लुटू नये, एवढीच तिची हमी होती. तेवढी मिळाली तरी माणूस सिसिलीहून आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरूनही निघे. अथेन्सहून वाट सुमारे तीनशे किलोमीटरांची. वाटेत डोंगर, आणि पोहोचल्यावर उघडे आकाश. एपिक्टेटस या तत्त्ववेत्त्याने तेथील हाल मोजून ठेवले आहेत : ऊन, दाटी, गोंगाट, स्नानाची आबाळ, पाऊस आला तर चिंब भिजणे. माश्या इतक्या की त्या पळवून लावणाऱ्या झ्यूसला वेगळा बळी द्यावा लागे. कीऑस बेटावरील एक धनी आपल्या गुलामावर रागावला तेव्हा, "तुला जात्याला जुंपणार नाही, ऑलिंपियाला नेईन," अशी धमकी त्याने दिली, ही गोष्ट ईलिअन या लेखकाने सांगितली आहे. तरीही चाळीस हजारांवर लोक गवताच्या उतारावर उभे राहून खेळ पाहत. ज्याला यात्रेची ओढ म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्याला याचे नवल वाटू नये.

मात्र या चाळीस हजारांत कोणाची धर्मपत्नी नसे.

नियम कडक होता. उत्सवाच्या दिवसांत विवाहित स्त्रीने अल्फिअस नदी ओलांडावयाची नाही. नदीच्या अलीकडे, वाटेवरच, टायपीअन नावाचा उंच तुटलेल्या कड्यांचा डोंगर होता. नियम मोडणाऱ्या स्त्रीला त्याच्यावरून खाली ढकलून द्यावयाचे, असा ईलिसचा कायदा असल्याचे पॉसॅनिअस लिहितो. अशी स्त्री एकच सापडली, असेही तो सांगतो. तिचे नाव कॅलिपाटीरा. कोणी फेरेनीके म्हणतात. ऱ्होड्स बेटाचा प्रख्यात मुष्टियोद्धा डायागोरस याची ही कन्या. पती निवर्तलेला, आणि मुलगा पिसिरोडस मुष्टियुद्धाला तयार झालेला. तिने पुरुषवेष घेतला, मुलाची शिक्षक म्हणून ती आत गेली. मुलगा जिंकला. आनंदाच्या भरात आईने शिक्षकांच्या आवाराचे कुंपण ओलांडून उडी घेतली, त्यात वस्त्र सरकले आणि सारे उघडकीस आले. पिता, बंधू आणि पुत्र हे सगळेच ऑलिंपियाचे विजेते म्हणून पंचांनी तिला क्षमा केली. पण त्याच वेळी असा ठराव केला की, यापुढे शिक्षकांनीही मल्लांप्रमाणे विवस्त्रच आत यावे. पंच मंडळी सर्वत्र सारखीच. माणसाला सोडतील, पण फट बुजविल्यावाचून उठणार नाहीत.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बंदी स्त्रीजातीला नव्हती. ती पत्नीला होती. कुमारिकांना खेळ पाहण्याची मनाई नव्हती असे पॉसॅनिअस स्पष्ट सांगतो. शिवाय त्याच क्षेत्रात झ्यूसपत्नी हेरा हिच्या उत्सवात कुमारिकांच्या स्वतंत्र शर्यती होत. सोळा मानकरी स्त्रिया देवीसाठी वस्त्र विणीत आणि शर्यतींची व्यवस्था पाहत; धाव पुरुषांच्या धावेपेक्षा एकषष्ठांशाने आखूड असे आणि जिंकणारीला ऑलिव्हचा मुकुट व देवीला दिलेल्या गाईच्या नैवेद्याचा वाटा मिळे. राजकन्या किनिस्का हिने तर स्पार्टाहून आपले घोडे पाठवून इ. स. पू. ३९६ आणि ३९२ या दोन वेळा चौघोडी रथाची शर्यत जिंकली, कारण विजय सारथ्याचा नव्हे, घोड्यांच्या धन्याचा मानला जाई. अर्थात तो विजय तिने दुरूनच ऐकावयाचा. म्हणजे कुमारिका आत जाऊ शके, घोड्यांची मालकीण लांब बसून जिंकू शके. परंतु नवऱ्याच्या शेजारी उभे राहून खेळ पाहणे हे तेवढे निषिद्ध. याची कारणे शोधताना विद्वानांनी नाना तर्क लढविले आहेत. आम्हांला त्यांत शिरावयाचे नाही.

आपल्या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे प्रथम उफराटे वाटते. आपल्याकडे पत्नीवाचून यजमानाला यज्ञाचा अधिकार नाही. सीतेचा त्याग केल्यावर अश्वमेधासाठी प्रभू रामचंद्रांनाही सुवर्णाची सीता शेजारी बसवावी लागली. उपरण्याला शेल्याची गाठ बांधून जोडीने करावयाची पूजा आणि जोडीने करावयाची काशीयात्रा आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. पण एवढ्यावरून ग्रीकांना नावे ठेवावयास आम्ही धजत नाही. आमच्याच जत्रेतील कुस्तीच्या फडाभोवती लहानपणी आम्ही कितीदा उभे राहिलो असू. देवीच्या पालखीपुढे ओटी भरणाऱ्या बायका त्या फडाच्या कडेला मात्र आम्हांला एकदाही दिसल्या नाहीत. तेथे कडा नव्हता, कायदा नव्हता, पंचही नव्हते. तरी त्या आल्या नाहीत. आणि समुद्र ओलांडणे हे तर कलिवर्ज्यच होते. ती बंदी जशी पत्नीला तशी पतीलाही.

ऑलिंपियाच्या नियमाला एकच अपवाद होता. डीमीटर ही धान्याची, पृथ्वीमातेसारखी देवता. तिची एक वेदी धावपट्टीच्या उत्तरेकडील उतारावर, पंचांच्या आसनांसमोर, पांढऱ्या संगमरवराची बांधलेली होती. त्या वेदीवर बसून खेळ पाहण्याचा मान डीमीटरच्या पुजारिणीला असे. ती विवाहित असली तरी चाले. शेकडो वर्षांच्या त्या पुजारिणींपैकी जिचे चरित्र आपल्याला सांगता येते अशी एक आहे, आणि तिचा पतीही त्या काळचा सर्वप्रसिद्ध मनुष्य होता. ऑलिंपियाच्या उत्सवात ज्यांना उघडपणे दांपत्य म्हणून पाहता येते, असे आमच्या माहितीत एवढेच.

ती रेजिला; रोमच्या अतिशय उच्च कुळात जन्मलेली. तिचा पती हेरोडीस ॲटिकस हा अथेन्सचा अमाप संपत्तीचा धनी, नामांकित वक्ता आणि सम्राट मार्कस ऑरेलिअसचा गुरू. विवाहसमयी तो चाळिशीच्या घरात होता आणि ती नुकती वयात आलेली. इ. स. १५३ च्या सुमारास रेजिला ऑलिंपियात डीमीटरची पुजारीण होती. सभोवती पुरुषांची गर्दी, आणि समोरच्या वेदीवर ही एकटी पत्नी! त्याच सुमारास या जोडप्याने ऑलिंपियाला एक देणगी दिली. तिचे महत्त्व समजण्यास त्या हालांची यादी पुन्हा आठवावी. नऊशेंहून अधिक वर्षे लोक तेथे तहानेने व्याकूळ होत आले होते. हेरोडीसने दूरच्या झऱ्यांचे पाणी पाटाने आणून अर्धवर्तुळाकार भव्य कारंजे बांधले. मागच्या भिंतीतील कोनाड्यांत सम्राटाच्या आणि स्वतःच्या कुटुंबीयांचे पुतळे उभे केले. हौदावर संगमरवरी बैल ठेवला. त्या बैलाच्या अंगावर कोरलेला लेख हेरोडीसच्या नावाचा नाही. डीमीटरची पुजारीण रेजिला हिने हे पाणी आणि त्याभोवतीचे सर्व झ्यूसला अर्पण केले, असा त्याचा आशय आहे.

पाणपोई घालणे हे केवढे पुण्य, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. पण ऑलिंपियात त्यावरही टीका झाली. पेरेग्रिनस नावाचा एक विक्षिप्त संन्यासी तेथे येऊन ओरडू लागला की, या पाण्याने ग्रीक लोक बायकी होतील, यात्रेकरूंनी तहान सोसलीच पाहिजे. ही कथा लूशिअनने मोठ्या मिस्किलपणे सांगितली आहे. लोकांनी संन्याशावर दगड उचलले. तो पळून झ्यूसच्या आश्रयाला गेला, आणि पुढच्या उत्सवात येऊन त्याने ते पाणी आणणाऱ्याच्याच स्तुतीचे व्याख्यान दिले. ओरडत होता तेव्हाही तो पाणी त्याच हौदाचे पीत होता, हे सांगावयास लूशिअन विसरलेला नाही.

ही कथा येथेच थांबविता आली असती तर बरे झाले असते. परंतु इतिहास लिहावयाचा तर पुढचेही लिहिले पाहिजे. सुमारे इ. स. १६० मध्ये रेजिला गरोदर असताना मरण पावली. क्षुल्लक कारणावरून हेरोडीसने आपल्या अल्सिमेडॉन नावाच्या मुक्त केलेल्या गुलामाकरवी तिला मारविले, पोटावर आघात झाला आणि त्यातच ती गेली, असा आरोप तिच्या भावाने रोममध्ये न्यायासनापुढे ठेवला. हेरोडीस निर्दोष सुटला. त्याचा चरित्रकार फिलोस्ट्रेटस त्याची बाजू घेतो; पण आरोपातील गुलामाला हेरोडीसने पुढेही जवळच ठेविले, हे सर्वांना ठाऊक होते. त्यानंतर त्याने शोकाचा असा काही देखावा केला की लोक थक्क झाले. घरातील रंगीत शोभा काढून काळी केली, आणि पत्नीच्या स्मरणार्थ अथेन्सच्या गडाच्या पायथ्याशी मोठे संगीतगृह बांधले. ते अद्याप उभे आहे, त्यात आधुनिक काळातही नाट्य-संगीताचे उत्सव होत आले आहेत. त्याला लोक हेरोडीसचे म्हणतात. रेजिलाचे म्हणत नाहीत.

जिला सर्व ग्रीसमध्ये एकटीला पतीसमक्ष त्या उत्सवात बसण्याचा मान होता, तिला स्वतःच्या घरात रक्षण नव्हते. आम्ही ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते.

याच हेरोडीसने अथेन्समधील जुने क्रीडांगण पांढऱ्या संगमरवराने मढविले होते, आणि त्याला पुरलेही तेथेच. इ. स. ३९३ च्या सुमारास ख्रिस्ती सम्राटांच्या अमलात ऑलिंपियाचा उत्सव बंद पडला. पुढे पूर आणि भूकंप यांनी क्षेत्र गाळाखाली गेले. पंधराशे वर्षांनी, १८९६ च्या एप्रिलात, बॅरन द कूबर्तँ यांच्या खटपटीने ऑलिंपिक सामने पुन्हा सुरू झाले, ते अथेन्सच्या याच क्रीडांगणात. एका धनिक ग्रीकाच्या देणगीने त्याला पुन्हा संगमरवर चढला होता. आता प्रेक्षकांत पत्नी बसू शकत होती. राजा जॉर्ज आणि राणी ओल्गा यांच्यापासून सामान्य जोडप्यांपर्यंत सर्वांना जागा होती. धावपट्टी मात्र पुरुषांची. कूबर्तँ यांचे मत तर शेवटपर्यंत असेच राहिले की, स्त्रियांनी टाळ्या वाजवाव्या, स्पर्धेत उतरू नये.

त्यांचे मत फार काळ टिकले नाही. १९०० साली पॅरिसच्या सामन्यांत, सीन नदीवर, स्वित्झर्लंडच्या 'लेरिना' नावाच्या शिडाच्या नौकेने शर्यत जिंकली. नौकेवर काउंट हर्मान द पूर्ताले, त्यांची पत्नी एलेन आणि पुतण्या अशी तिघे होती. ऑलिंपिकमध्ये जिंकलेली पहिली स्त्री म्हणून एलेन यांची नोंद आहे, आणि ती नवऱ्याच्या शेजारी, त्याच होडीत बसलेली होती.

आपल्याकडे वळावयाचे तर बडोद्याकडे पाहावे लागते. कलिवर्ज्याचा धाक अजून ताजा असताना, १८८७ साली, महाराज सयाजीराव गायकवाड महाराणी चिमणाबाईंसह युरोपच्या प्रवासास निघाले. त्या चिमणाबाई पुढे पडदा टाकून सार्वजनिक कार्यात उतरल्या, स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी १९११ मध्ये इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९२७ साली पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकात हिंदुस्थानच्या हॉकी संघाने जर्मनीचा आठ विरुद्ध एक असा पराभव केला, तेव्हा प्रेक्षकांत सयाजीराव होते. परंतु राजेरजवाड्यांचे सोडा. १९५२ साली हेलसिंकीला जावयाचे म्हणून कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना गावोगाव वर्गणी मागावी लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. जेथे मल्ल स्वतःच असा गेला, तेथे मराठी प्रेक्षक पत्नीसह जाईल कोठून!

त्याच हेलसिंकीत, खाशाबांनी २३ जुलै रोजी कांस्यपदक मिळविले त्याच्या दुसऱ्या दिवशी, एक दांपत्य साऱ्या जगाच्या डोळ्यांत भरले. चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक आणि त्यांची पत्नी डाना. दोघांचा जन्म एकाच दिवशी, १९ सप्टेंबर १९२२ रोजी झालेला. १९४८ च्या लंडन सामन्यांत विवाह ठरलेला होता, पण स्त्री-खेळाडूंची राहण्याची जागा निराळी. आपले सुवर्णपदक दाखविण्यासाठी एमिल चोरून तेथे शिरले. पदक पोहण्याच्या तलावात पडले, ते काढावयास त्यांनी सूर मारला आणि शेवटी पकडले जाऊन बाहेर घालविले गेले. कॅलिपाटीरेची कथा उलटी झाली म्हणावयाची! चार वर्षांनी हेलसिंकीत एमिल पाच हजार मीटर धावून जिंकले. डानांनी ते पदक शकुनाचे म्हणून मागून घेऊन आपल्या पिशवीत टाकले आणि भालाफेकीसाठी त्या मैदानात उतरल्या. पहिलीच फेक ५०.४७ मीटर, तीच सुवर्णपदकाची ठरली. दोन्ही विजय एका दुपारचे. आपल्या विजयामुळे पत्नीला स्फूर्ती मिळाली असे एमिल गमतीने म्हणाले, तेव्हा दुसऱ्या एखाद्या मुलीला स्फूर्ती देऊन ती पन्नास मीटर फेकते का पाहा, असे डानांनी त्यांना सुनावले.

अग्रशाळेतील त्या वृद्ध गृहस्थांना हे सर्व आम्ही पुढच्या सोमवारी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. रेजिलेच्या गोष्टीला मात्र डोळे मिटले. मग त्या माउलीकडे वळून ते म्हणाले, "तुवें तो बैल पळयलो गो?"

तिने पाहिला होता. पॅरिसहून परतताना ती दोघे ग्रीसमध्ये उतरून ऑलिंपियाला जाऊन आली होती. अल्फिअसचे पाणी पाहिले होते, संग्रहालयात तो संगमरवरी बैल पाहिला होता. तिने पिशवीतून एक छायाचित्र काढून त्यांच्या हाती दिले. धावपट्टीच्या उत्तरेचा गवताळ उतार, ऊन रणरणते आहे. नवऱ्याच्या डोक्यावर पंचा, आणि तिच्या मांडीवर पाण्याची बाटली. गृहस्थांनी चश्मा पुसला आणि छायाचित्र पुन्हा एकदा डोळ्यांजवळ धरले.